जाड सिलिकॉन म्हणजे मजबूत टाकी?

‘नव्या फिश टँकच्या कोपऱ्यांत सिलिकॉन जितका जाड, तितकी टाकी मजबूत’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. काचा एकमेकींना चिकटवणाऱ्या या सिलिकॉनची आपल्याला दिसते ती कोपऱ्यातली आतली पट्टीच, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण पाण्याचा भार ती पट्टी पेलत नाही.

भार पेलतो तो दोन काचांच्या मधला पातळ थर. आतली पट्टी मुख्यतः शेवाळ खरवडणाऱ्या पात्यापासून त्याचं रक्षण करते. म्हणून तपासायचा तो मधला थर. बाहेरून, काचेतून, मोबाइलचा टॉर्च लावून पाहा. थर सलग हवा. एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो, पण आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत बुडबुड्यांची रांग असेल तर ती टाकी घेऊच नका. पाणी तिथूनच वाट काढतं. सांध्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर सिलिकॉन अजून सुकतो आहे, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

काचेच्या कडेचा हिरवट रंग मात्र दोष नाही. तो साध्या काचेतल्या लोहामुळे येतो.

शेवटची परीक्षा पाण्याची. टाकी कायमच्या जागी, लेव्हल पाहून ठेवा, कारण २×१×१ फुटांच्या टाकीतही सुमारे ५६ लिटर, म्हणजे ५६ किलो पाणी मावतं आणि भरलेली टाकी उचलली की सांधे पिळवटतात. सांध्यांलगत कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, टाकी काठोकाठ भरा आणि ४८ तास तशीच ठेवा. कागदावर ओला डाग दिसला तर टाकी परत करा.