मुलाला झेपेल असं पुस्तक कसं निवडावं?

पुस्तकावर छापलेलं वय विषयापुरतं उपयोगी. वाचायला झेपेल का, हे मुलाकडून एक उतारा मोठ्याने वाचून घेतल्यावरच कळतं. आमच्या दुकानातच करून बघा, पाच मिनिटं पुरतात.

मधलं पान उघडा आणि साधारण १०० शब्द वाचायला द्या. अडलं तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगा आणि एक चूक धरा. मुलाने स्वतःच सुधारलं तर चूक नाही. पाचपर्यंत चुका झाल्या तर पुस्तक एकट्याने वाचायला योग्य. सहा ते दहा झाल्या तर शेजारी बसून वाचायचं. दहाच्या वर गेल्या तर सध्या तुम्ही वाचून दाखवा.

मात्र चुका मोजून थांबू नका. बाराखडी पक्की असलेलं मूल अर्थ न कळताही मराठी घडाघडा वाचू शकतं, आणि पालक नेमके इथेच फसतात. पुस्तक मिटा, ‘काय झालं ते सांग’ म्हणा आणि एखादा ‘का?’ विचारा. सांगता आलं नाही, तर एकही चूक नसली तरी पुस्तक जडच आहे.

चुका कुठे होतात तेही बघा. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण उच्चार आधी होतो, म्हणून ‘गर्दी’चं ‘गद्री’ होतं. ‘शेजारच्यांकडून’सारख्या शब्दाची सुरुवात वाचून मुलं शेवट अंदाजाने ठोकतात, तिथे बोटाने शेजार, च्यां, कडून असे तुकडे दाखवा. सगळ्या चुका जोडाक्षरांवरच असतील, तर गोष्ट तेवढीच मोठी पण जोडाक्षरं कमी असलेली घ्या.

प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. पातळ्या चार: पहिलीत २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६००, तिसरीत १५००, चौथीत त्याहून मोठ्या. घरी अंदाज घ्यायला उत्तम, पण एकाच पातळीतही जोडाक्षरं कमी-जास्त असतात.

इंग्रजी माध्यमातल्या चौथी-पाचवीच्या मुलांना सोपी पुस्तकं बाळबोध वाटतात आणि ती वाचनच सोडतात. त्यांना प्राणी, अवकाश, कोडी असे विषय छोट्या वाक्यांत द्या. चित्रकथाही चालतात, फक्त फुग्यांतली अक्षरं बारीक किंवा वळणदार नाहीत ना, ते बघा.

घरी नेलेलं पुस्तक जड निघालं तर कोरं असेपर्यंत आठ दिवसांत बदलून देऊ. येताना मूल कुठे अडलं ते पेन्सिलने कागदावर लिहून आणा, पुस्तकात नको.