श्टुटगार्टची बाग आणि ढोलीतला भुंगा

जर्मनीत श्टुटगार्टच्या मेन रेल्वे स्टेशनला लागूनच श्लोसगार्टन नावाची मोठी जुनी बाग आहे. 'श्टुटगार्ट २१' प्रोजेक्टमध्ये जुनं स्टेशन बदलून जमिनीखाली ८ ट्रॅकचं नवीन बांधायचं ठरलं आणि खोदकाम नेमकं या बागेत आलं. ३० सप्टेंबर २०१० ला झाडं वाचवायला हजारो लोक जमले, शाळेतली पोरंपण होती, आणि पोलिसांनी त्यांच्यावर वॉटर कॅनन सोडले, त्यात एका वयस्कर माणसाची नजर जवळजवळ पूर्ण गेली, आणि त्याच रात्री बारानंतर २५ झाडं पाडली. (आरेमध्ये २०१९ ला रात्रीच करवत चालली होती ते आठवलं असेलच.) पुढे २०१५ ला कोर्टाने पोलिसांची ती कारवाई बेकायदेशीर ठरवली.

पण मला सांगायचंय ते या झाडांत राहणाऱ्या एका भुंग्याबद्दल. ओस्मोडर्मा एरेमिटा, साधारण तीन सेंटीमीटरचा, काळपट तपकिरी. नराच्या अंगाला पिकलेल्या पीचसारखा वास येतो, त्या वासावर मादी त्याला शोधत येते. युरोपियन युनियनच्या कायद्यात याला कडक संरक्षण आहे, म्हणून रेल्वेच्या कामात तो मोठा मुद्दा झाला.

हा राहतो फक्त म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत. आपल्याला वाटतं झाड पोकळ झालं म्हणजे मेलंच, काढून टाका. तसं नसतं. खोडाचा मधला गाभा तसाही मेलेलाच असतो, पाणी वर जातं ते सालीजवळच्या बाहेरच्या लाकडातून, त्यामुळे बुरशीने गाभा खाल्ला तरी झाड पुढे कित्येक वर्षं मस्त हिरवं राहतं. आत बुरशीने कुजवलेल्या लाकडाचा ओलसर भुसा साठतो, अळ्या तीन-चार वर्षं तोच खात वाढतात, कडेचं कुजकं लाकूड कुरतडून ढोली मोठी करत जातात आणि त्यांच्या विष्ठेने भुशात नायट्रोजन वाढतो, मग इतर बारीक किडेपण तिथे वस्तीला येतात. म्हणजे एका खोडात अख्खी वसाहत!

आणि हा भुंगा फार उडत नाही. बरेचसे जन्मले त्याच ढोलीत आयुष्य काढतात, जे बाहेर पडतात तेपण बहुतेक काहीशे मीटरच जातात. त्यामुळे जवळपास दुसरं पोकळ झाड हवंच.

फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रोजेक्टच्या जागेतली उरलेली झाडंही निघाली, काही मुळासकट उचलून दुसरीकडे लावली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपं लावू असं प्रत्येक प्रोजेक्टवाले म्हणतात, आपल्याकडेपण तेच, आणि रोपं लावावीतच, पण अशी ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं सहज जातात, आणि भुंग्याची अख्खी पिढी तीन-चार वर्षांत संपते. मधल्या काळात त्याने राहायचं कुठे, हे त्या हिशोबात कुठेच येत नाही.