पाटी विडी-सिगारेटची, सवय मशेरीची: ठाणे-नवी मुंबईतल्या तंबाखूमुक्तीची पार्श्वभूमी

ठाणे स्टेशन असो की वाशीची बाजार समिती, भिंतीवर पाटी असते ‘धूम्रपान निषेध’. तिच्याखाली उभा असलेला माणूस बहुतेक वेळा धूर काढतच नसतो, तळहातावर तंबाखू-चुना मळत असतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात धूर काढणारे होते ३.८ टक्के आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. या भागात तंबाखू सुटावी म्हणून आजवर जे झाले आणि जे राहून गेले, ते या दोन आकड्यांमधल्या अंतरातून बरेचसे कळते.

तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी. ठाणे १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते, तेव्हा हे पीक या किनाऱ्याला फार काळ परके राहिले नसणार. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली होती. ती किती टिकली हे वेगळे सांगायला नको. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तंबाखू पानाच्या डब्यात आणि कमरेच्या चंचीत जाऊन बसली. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या आला की मागून तंबाखू आलीच.

बायकांच्या वाट्याला आली मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी बोटाने दातांना लावायची, मग दुपारी जेवण झाल्यावर, मग जरा डोके जड वाटले की पुन्हा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत, मिठागरांवर, भातखाचरांत आणि मासळीबाजारात राबणाऱ्या बायकांना ही दात घासायचीच वस्तू वाटे. व्यसन म्हणायचे ते पुरुषाच्या विडीला. सुनेने सासूसमोर मशेरी लावली तर कुणी भुवया उंचावत नसे, विडी ओढली असती तर गावभर झाले असते. पोट साफ होते, दाढ ठणकायची थांबते, हेही कानावर असायचेच. दाढेचे खोटे नाही. निकोटिन घटकाभर बधिरता आणते, आणि तिथेच माणूस अडकतो.

साठच्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, मग ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे कारखाने आले, पुढे वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी आले. कारखान्याच्या आवारात विडी पेटवायला मज्जाव असतो. तंबाखूला काडी लागत नाही. हात ओझ्यात गुंतले असले तरी बार दाढेखाली राहतो आणि पाळी ढकलता येते. घाटावरून आलेल्या माणसाने आपली सवय सोबत आणली होती, कामाच्या पद्धतीने ती पक्की केली.

धोका उशिरा कळला असे मात्र म्हणता येणार नाही. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी परळच्या टाटा रुग्णालयातल्या रुग्णांवरून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहिला: धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध. यातले डॉ. वसंत रामजी खानोलकर १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. तेच केंद्र २००२ मध्ये खारघरला आले आणि आज ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हणून ओळखले जाते. पन्नासच्या दशकात हा मजकूर छापणाऱ्या परंपरेची इमारत आज खारघरमध्ये उभी आहे, हे तिच्यासमोरून रोज जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

त्याहून महत्त्वाचे काम झाले ते घरोघरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने १९६६ पासून खेड्यापाड्यांत जाऊन लोकांची तोंडे तपासली. त्यात पुणे जिल्ह्यातले लाखभर ग्रामस्थही होते. १९७७ मध्ये एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत त्यांनी सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना निवडले. दरवर्षी घरी जायचे, तोंड तपासायचे, आत काय दिसते ते त्या माणसाला सांगायचे आणि तंबाखू सोडायचा सल्ला द्यायचा. जोडीला पोस्टर, चित्रफिती, रेडिओ. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दिसले की सल्ला मिळालेल्यांत तंबाखू सोडणारे वाढतात आणि कर्करोगाआधीचे पांढरे चट्टे कमी होतात. माझ्या मते सगळ्या हकिगतीतला हा सर्वांत मोलाचा धागा, आणि सर्वांत कमी उचललेला. वस्तीत जाऊन, नाव घेऊन, तोंडात डोकावून बोलले तर माणूस ऐकतो, हे आपल्या देशात चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झाले होते.

या कामातले डॉ. प्रकाश गुप्ता यांनी नव्वदच्या दशकात मुंबईत पस्तिशीपुढच्या ९९,५९८ लोकांची पाहणी केली, तीही हातात मावणाऱ्या संगणकावर नोंदी घेत. स्त्रियांमध्ये तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या ५७.५ टक्के, जवळपास सगळ्याच बिनधुराची, त्यात मशेरी मोठ्या प्रमाणावर. पुढे त्यांची ‘हीलिस’ ही संस्था नवी मुंबईतूनच काम करू लागली.

कायद्याची नजर मात्र सिगारेटवर राहिली. १९७५ च्या कायद्याने इशारा आला तो सिगारेटच्या पाकिटावर. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई झाली, २००३ मध्ये सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांवरचा ‘कोटपा’ कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून २०० रुपये दंडासह नियम कडक झाले. हे सगळे हवेच होते. त्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना विक्री नको, शाळेपासून शंभर यार्डांत टपरी नको, हेही होते, आणि ते सर्व प्रकारच्या तंबाखूला लागू होते. तरी लोकांच्या मनात ठसली ती धुराची पाटी.

दरम्यान गुटख्याची पुडी आली. शाळकरी पोराच्या खिशाला परवडणारी, गोडसर, थुंकून मोकळे होता येईल अशी. त्यातल्या सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होते, जबडा आखडतो, वडापावचा घास घेता येईनासा होतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग अन्नसुरक्षा कायद्याखालचा नियम हाती आला: खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटिन नको. त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू-सुपारीही तिच्यात आली. तेव्हापासून बंदीचे आदेश निघत राहतात आणि शेजारच्या राज्यांतून येणारा माल पकडल्याच्या बातम्याही येत राहतात. साधी तंबाखू आणि चुना यांना या बंदीने हातही लावला नाही.

सोडू पाहणाऱ्याला हात देण्याची परंपरा ठाणे-रायगडात होती, पण ती दारूभोवती वाढली. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकींनी गावेच्या गावे व्यसनाकडून वळवली, हे इथल्या आगरी-कोळी घरांत कुणालाही विचारावे. पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र निघाले. त्याच्याशी जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी ‘आयपीएच’ सुरू केली. दारूने संसार चव्हाट्यावर येतो, म्हणून बायको, आई, भाऊ धावाधाव करतात. तंबाखूने तसे होत नाही. पगार घरी येतो, आवाज चढत नाही. बाटली सोडलेल्या माणसाची पुडी वाढली तरी घरचे म्हणतात, एवढे राहू दे त्याला.

सरकारी मदत आली ती २००२ मध्ये, देशभरात १३ तंबाखूमुक्ती केंद्रांच्या रूपाने. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१६ मध्ये तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना सल्ला देणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आला. सप्टेंबर २०१८ पासून तो वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले, आणि टाटा रुग्णालयाचे केंद्रही या सेवेत आल्यावर मराठीतून बोलण्याची सोय झाली. बोलणे लागतेच, कारण पहिल्या काही दिवसांतच तलफ सर्वांत जोरात असते: चिडचिड, झोप नाही, पोट जड. निकोटिनचे च्युइंग गम मिळते, पण ते नेहमीच्या गमसारखे चघळत राहायचे नसते. थोडे चावून गालात दाबून ठेवायचे, झिणझिणी ओसरली की पुन्हा चावायचे. तंबाखू दाढेखाली धरणाऱ्याला ही रीत बिडीवाल्यापेक्षा लवकर जमते, हे त्यातल्या त्यात बरे.

नवी मुंबईत दंतमहाविद्यालये बरीच आहेत, नेरूळपासून कामोठ्यापर्यंत, आणि दाढ दाखवायला आलेल्याशी तंबाखूविषयी बोलण्याची सोपी जागा म्हणजे तीच खुर्ची. आपलीच तीन बोटे उभी तोंडात जातात का हे डॉक्टर पाहायला सांगतात. जात नसतील तर पुढचे बोलणे आपोआप सुरू होते.

मशेरी लावणारी बाई मात्र या वाटेत कुठेच भेटत नाही. ती सुटी तंबाखू आणून घरी भाजते, तिच्या डबीवर ना चित्र असते, ना क्रमांक. सिगारेट ओढत नाही म्हणून पाटी तिच्यासाठी नाही, गुटखा खात नाही म्हणून बंदीही नाही. तिच्या उंबऱ्यापर्यंत जाते ती आशा सेविका, रक्तदाब आणि साखरेची वही घेऊन. त्याच फेरीत तोंड उघडायला सांगून आत बघणे आणि दिवसातून किती वेळा लावता हे विचारून सोडायचा सल्ला देणे, १९७७ च्या त्या कामाचा गाभा असाच होता.