वारीआधी पोटऱ्या तयार करा

आळंदी ते पंढरपूर म्हणजे सुमारे 250 किलोमीटर. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. पाय बोलायला लागतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कारण सवय नसलेल्या स्नायूची दुखी 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असते. लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून पाय दुखतात, हा समज चुकीचा. ते तास-दोन तासांत निघून जातं. दुखतात ते सूक्ष्म इजा झालेले स्नायू. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलतो, म्हणून दुखी चढापेक्षा उताराची जास्त.

चालण्याने पाय जाड होत नाहीत. पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, तो उशिरा दमतो. पण याला आठवडे लागतात, म्हणून प्रस्थानाच्या आठ आठवडे आधी सुरुवात करा.

आठवड्यातून चार दिवस 4–5 किलोमीटर, पहाटे. रविवारी लांब चाल: 8, 11, 14 किलोमीटर, चौथ्या आठवड्यात मुद्दाम 10, मग 17 आणि 20. सातव्या आठवड्यात शनिवारी 18, रविवारी पुन्हा 18. दुखऱ्या पायांनी चालायची सवय इथेच होते, ही जोडी चुकवू नका. आठवा आठवडा हलका. वारीचीच चप्पल किंवा बूट घालून चाला. नवी जोडी आळंदीत पहिल्यांदा घालू नका.

भिंतीला बोटं टेकून एका पायावर 20 वेळा टाच उचलून पाहा. दहा-बारालाच थांबलात, तर दिवेघाटाच्या चढणीला पोटरी कुरकुरणारच. उपाय: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर, मग तीन सेकंदांत सावकाश खाली. 12 वेळा, तीन खेपा, एक दिवसाआड. एक खेप गुडघा किंचित वाकवून करा. सोलियसवर भार तेव्हा जास्त येतो.

वाटेत गोळा आला तर पाय सरळ करून बोटं गुडघ्याकडे ओढा, 30 सेकंद धरा. जोरात रगडू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत नको. पाणी कमी पडलेलं असताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर मूत्रपिंडाला धोका असतो.

एकच पोटरी सुजून गरम झाली किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता जवळच्या वैद्यकीय पथकाकडे जा.