गरमी, परमा आणि पांढरे जाणे : मुंबईतील ‘सुरक्षा क्लिनिक’ची पार्श्वभूमी

मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत पूर्वी जिथे ‘गुप्तरोग विभाग’ अशी पाटी असे, तिथे आता ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव आढळते. हा बदल केवळ शब्दांचा वाटेल; पण या शहरात लैंगिक आजार कोणाच्या शरीरात शोधायचा, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे पहिले सरकारी उत्तर अत्यंत अन्यायकारक होते.

१८६८ मध्ये ब्रिटिश सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांमध्ये फैलावलेली गरमी, म्हणजे उपदंश (सिफिलिस), आणि परमा (गनोरिया) आटोक्यात आणणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी नाव नोंदवावे, ठरावीक काळाने सक्तीची तपासणी करून घ्यावी आणि आजार आढळल्यास बरे होईपर्यंत खास रुग्णालयात अडकून राहावे, अशी त्यातील तरतूद होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषाला मात्र हा कायदा हातही लावत नव्हता, त्यामुळे संसर्गाची साखळी तुटणे शक्यच नव्हते. मुंबईत १८७० मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली, खर्चाच्या वादात ती १८७२ मध्ये थांबली, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १८८८ मध्ये कायदाच रद्द झाला. रोग्याकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची सवय मात्र त्यानंतरही टिकून राहिली.

या विषयावर मराठीत उघडपणे लिहिण्याचे धैर्य दाखवले ते र. धों. कर्वे यांनी. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. तरीही १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून, खटले सोसून, गुप्तरोगांसह लैंगिक आरोग्याची शास्त्रीय माहिती दिली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि पाऱ्याच्या व सोमलाच्या (आर्सेनिकच्या) जहाल औषधांची जागा त्याच्या इंजेक्शनने घेतली.

१९८६ मध्ये मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून भारतातील पहिले एचआयव्ही संसर्ग उघड झाले. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली आणि सगळ्यांची नजर पुन्हा कामाठीपुऱ्याकडे, म्हणजे शहरातील वेश्यावस्तीकडे वळली.

ही नजर किती अपुरी होती, हे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले. त्यांच्या कारकिर्दीतील हे संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटते. गडचिरोलीतील दोन गावांमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या आजारांपैकी जवळपास निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. या शेतात राबणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या सामान्य बायका होत्या. अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार त्या वर्षानुवर्षे सोसत होत्या, कारण ती सांगावी असे कोणी जवळ नव्हते आणि आरोग्यसेवा त्यांच्याकडे केवळ कुटुंबनियोजनापुरते पाहत होती.

आजच्या क्लिनिकची पद्धत याच गरजेतून समजून घ्यावी लागते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार करायचे आणि त्यासाठी रंगांनुसार ठरवलेले औषधांचे सात संच वापरायचे, अशी ती आहे. उदाहरणार्थ, जननेंद्रियावरील व्रणासाठी पांढरा संच, ज्यात उपदंशावरील पेनिसिलिनचे इंजेक्शन असते. रुग्ण पहिल्याच भेटीत औषध घेऊन घरी जातो, हा मोठा लाभ आहे. लक्षणे नसलेला संसर्ग मात्र या पद्धतीत निसटतो, आणि स्त्रियांमध्ये असा संसर्ग बराच असतो. म्हणूनच गरोदरपणाच्या नोंदणीवेळी उपदंश व एचआयव्हीची रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या नवऱ्यालाही आता दवाखान्यात बोलावले जाते, म्हणजे १८६८ च्या कायद्याने ज्याला वगळले होते त्यालाच.