जॅग्वार ई-टाइपचे छायाचित्र : चकचकीत वळणांचे प्रकाशशास्त्र

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने ई-टाइप ही स्पोर्ट्स कार लोकांसमोर आणली आणि तेव्हापासून आजपर्यंत तिच्या रूपाचे कौतुक थांबलेले नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये १९६३ सालची उघड्या टपाची एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, म्हणजे एका नामांकित कलासंग्रहालयानेही तिला शिल्पाच्या पंक्तीत बसवले. असे असूनही या गाडीची बहुतेक छायाचित्रे पाहिली की, जिने तिला प्रत्यक्ष पाहिले आहे त्या नजरेला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. बॉनेट फुगलेले दिसते, मागचा भाग आखडतो आणि कुशीवरचे सुंदर वळण सपाट पत्र्यासारखे भासते. कॅमेरा महाग नसल्यामुळे हे होते, असा अनेकांचा समज असतो. खरे कारण भूमितीत आणि प्रकाशाच्या परावर्तनात आहे, आणि ते समजून घेतले तर साध्या कॅमेऱ्यानेही या गाडीला न्याय देता येतो.

ई-टाइपचा बाह्याकार माल्कम सेयर यांनी घडवला. ते मूळचे विमानउद्योगातील वायुगतिकीचे (हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राचे) जाणकार होते आणि फ्रान्समधील ल मां येथील मोटारशर्यत १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे जिंकणारी डी-टाइपही त्यांच्याच हातची. संगणक हाताशी नसलेल्या त्या काळात सेयर वक्ररेषा केवळ नजरेने न ओढता गणिती सूत्रे, लॉगॅरिथमची कोष्टके आणि स्लाइड रूल (गणिते करण्याची सरकती पट्टी) यांच्या साहाय्याने बिंदू काढून त्या आखत असत. त्यामुळे या गाडीच्या अंगावर सपाट म्हणता येईल असा भाग फारच थोडा आहे, आणि एक वळण संपून दुसरे कुठे सुरू झाले हे बोट ठेवून सांगता येत नाही. छायाचित्रात टिकवायची आहे ती हीच सलगता.

पहिला प्रश्न अंतराचा आहे. गाडीची लांबी सुमारे ४.४५ मीटर, रुंदी १.६६ मीटर आणि उंची अवघी १.२२ मीटर. समजा, आपण नाकापासून दीड मीटरवर उभे राहून समोरून छायाचित्र घेतले, तर शेपटी आपल्यापासून जवळजवळ सहा मीटरवर राहते. एखाद्या वस्तूचा चित्रातील आकार तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असल्याने, नाकाजवळची वस्तू शेपटीजवळच्या तेवढ्याच वस्तूपेक्षा जवळपास चौपट मोठी उमटते. हेच छायाचित्र बारा मीटरवरून घेतले तर ते प्रमाण १.४ पेक्षाही कमी होते आणि गाडीची खरी प्रमाणबद्धता परत येते. प्रत्यक्षात जवळ उभे राहूनही आपल्याला बॉनेट फुगलेले वाटत नाही, कारण वस्तू किती दूर आहे हे मेंदूला ठाऊक असते आणि त्यानुसार तो आकाराची दुरुस्ती करतो. सपाट छायाचित्रात अंतराच्या या खुणा बऱ्याच अंशी नाहीशा होतात, म्हणून ती दुरुस्तीही अपुरी पडते.

या विकृतीचा दोष पुष्कळदा भिंगाला दिला जातो, परंतु यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह), म्हणजे जवळच्या आणि दूरच्या भागांचे चित्रातील प्रमाण, ठरते ते केवळ कॅमेऱ्याच्या जागेवरून. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र रुंद असते, त्यामुळे तीन-सव्वातीन मीटरवरूनही संपूर्ण गाडी आडव्या चौकटीत मावते आणि छायाचित्रकार नकळत जवळ जातो. बारा मीटरवरून कुशीच्या बाजूने पाहिले असता ही गाडी सुमारे २१ अंशांचा कोन व्यापते, तर ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर) ८५ मिलिमीटर नाभीय अंतराचे (फोकल लेंग्थचे) भिंग साधारण २४ अंश टिपते. म्हणजे एवढे भिंग या कामाला नेमके पुरते. ते नसेल तर मागे सरकावे, फोनने छायाचित्र घ्यावे आणि नंतर कडा कापाव्यात. तपशील थोडा कमी होईल, पण प्रमाण बिघडणार नाही, आणि या गाडीच्या बाबतीत मला तपशिलापेक्षा प्रमाण अधिक मोलाचे वाटते.

आता मुख्य गोष्ट. चकचकीत मोटारीचे छायाचित्र हे मोठ्या अंशी तिच्या भोवतालचेच छायाचित्र असते, कारण गुळगुळीत रंगावरून प्रकाशाचा एक भाग आरशासारखा परावर्तित होतो आणि गाडीच्या पृष्ठभागावर आकाश, जमीन, झाडे, इमारती उमटतात. स्टीलच्या तांब्यात पाहिले की चेहरा आडवा आक्रसून उभा लांबट दिसतो, तसेच येथेही घडते : ज्या दिशेने पृष्ठभाग अधिक वळलेला, त्या दिशेने प्रतिबिंब अधिक दाबले जाते. रोलँड फ्लेमिंग, अँटोनिओ तोराल्बा आणि एडवर्ड अ‍ॅडलसन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, प्रतिबिंबांच्या या दाबल्या-ताणल्या जाण्याच्या नक्षीवरून माणसाची दृष्टी वस्तूचा त्रिमितीय आकार ओळखते, आणि त्यासाठी प्रतिबिंब नेमके कशाचे आहे हे कळण्याचीही गरज पडत नाही. म्हणजे प्रतिबिंब हा आकार झाकणारा मळ नसून तोच आकाराची माहिती देणारा मजकूर आहे.

ई-टाइपच्या कुशीवर हे अतिशय स्पष्ट पाहता येते. तिची बाजू पिंपासारखी गोलसर आहे. रुंदी सर्वाधिक असलेल्या रेषेच्या वरचा भाग आकाश दाखवतो आणि खालचा भाग जमीन. या दोहोंच्या सीमेवर क्षितिजाची रेषा उमटते आणि ती पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडीच्या वळणांबरोबर हलकेच वर-खाली होत जाते. ही रेषा चांगली उमटली तर अर्धे काम झाले. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, जवळून, खाली पाहत छायाचित्र घेतले की परावर्तनाच्या नियमानुसार ती वर सरकते आणि कुशीचा बराच भाग काळ्या डांबराने भरून जातो. कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणला आणि अंतर वाढवले की रेषा सर्वाधिक रुंदीच्या जागी येऊन स्थिरावते. यातून आणखी एक व्यवहार्य गोष्ट निघते : कुशीवर उमटणारे दृश्य गाडीच्या मागचे नसून छायाचित्रकाराच्या पाठीमागचे असते. म्हणून जागा निवडताना आधी वळून आपल्या पाठीमागे पाहावे. तेथे मोकळे मैदान किंवा पाणी असेल तर रेषा स्वच्छ येते. इमारती, खांब आणि इतर वाहने असतील तर तिचे तुकडे पडतात.

रंगाचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच परावर्तन करत नाही. १.५ च्या आसपास अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) असलेल्या, म्हणजे गाडीच्या रंगाच्या चकचकीत थरासारख्या, पदार्थावर प्रकाश काटकोनात पडला तर जेमतेम ४ टक्के परत फिरतो. लंबाशी, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी, ६० अंशांचा कोन असेल तर सुमारे ९ टक्के आणि ८० अंशांना जवळपास ३९ टक्के. म्हणूनच बॉनेटवरून तिरप्या नजरेने पाहिले की गडद निळ्या रंगाची गाडीही आकाशाच्या रंगाची दिसू लागते. हे परावर्तन पोलरायझर फिल्टर (भिंगापुढे बसवून फिरवायची, चकाकी अडवणारी काच) लावून कमी करता येते आणि काचेवरची झळाळी घालवण्यासाठी तो उपयोगीही पडतो. परंतु त्याचा परिणाम लंबाशी ५६ अंशांच्या आसपासच सर्वाधिक असतो, त्यामुळे सतत वळणाऱ्या अंगावर तो ठिगळांसारखा दिसतो, आणि क्रोमच्या बंपरवर तर तो जवळजवळ चालतच नाही. शिवाय ज्या प्रतिबिंबातून आकार कळतो तेच तो पुसतो. या गाडीसाठी तो पूर्ण फिरवून वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोवताल गाडीवर उमटणार असेल तर आकाश हाच सर्वांत महत्त्वाचा दिवा ठरतो. भर दुपारी बहिर्वक्र पत्र्यावर सूर्याची प्रतिमा आक्रसून टाचणीच्या टोकाएवढी होते आणि त्या ठिपक्याशेजारी उरलेली गाडी निस्तेज दिसते. ढगांनी पूर्ण झाकलेले आभाळ डोक्यावर क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट उजळ असते, त्यामुळे बॉनेटवर वरून खाली मंद होत जाणारी छटा आपोआप मिळते. सूर्यास्तानंतर पश्चिमेची उजळ पट्टी आणि वरचे गडद होत जाणारे आकाश यांतून याहूनही देखणा उतार तयार होतो. ही गाडी जिथे जन्मली त्या कॉव्हेंट्रीत जूनमधला उपयोगी संधिप्रकाश पाऊण तासाहून जास्त टिकतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरत असल्याने तो वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. आपल्याकडे जुनी गाडी टिपायची असेल तर जागा, उंची आणि अंतर सूर्य मावळण्याआधीच पक्के करून ठेवावे लागते.

चकाकी पूर्णपणे छायाचित्रात का येत नाही, यालाही कारण आहे. अँड्र्यू ब्लेक आणि हाइनरिख ब्युल्टहॉफ यांनी १९९० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, चकाकीचा ठिपका दोन डोळ्यांना पृष्ठभागाहून वेगळ्या खोलीवर दिसतो आणि या फरकाचा उपयोग आपली दृष्टी पृष्ठभाग समजून घेण्यासाठी करते. एका भिंगाच्या कॅमेऱ्याला ही खोली मिळत नाही. गाडीभोवती चालताना प्रतिबिंबे अंगावरून सरकतात, तेही स्थिर चित्रात नाही. म्हणून जी चौकट निवडायची तिच्यात छटांचा उतार भरपूर असावा, कारण खोलीची उणीव त्यालाच भरून काढायची असते. गडद लाल गाडीच्या बाबतीत हा उतार आणखी एका मार्गाने हरवतो : उन्हात संवेदकाचा लाल घटक इतर घटकांच्या आधी कमाल मर्यादा गाठतो आणि वळण एकसारखे लाल होऊन जाते. प्रकाशमात्रा अर्ध्या ते एका स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी ठेवली की ते वाचते.

धावत्या गाडीचे गणित वेगळे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती सेकंदाला १६.७ मीटर पुढे जाते आणि तिचे चाक साधारण आठ फेरे घेते. एक हजारांश सेकंदात चाक तीन अंशही फिरत नाही, त्यामुळे तारांची चाके गोठलेली दिसतात आणि गाडी उभीच असल्यासारखी वाटते. एक तीसांश सेकंदात चाक पाव फेरा पूर्ण करते, तारा एकमेकींत मिसळतात; पण तेवढ्यात गाडीही अर्ध्या मीटरहून अधिक पुढे सरकलेली असते, म्हणून कॅमेरा तिच्याबरोबर फिरवावा लागतो. चालती वस्तू पाहताना डोळाही असाच तिच्या मागे फिरत असतो. अशा छायाचित्रात पार्श्वभूमी फरफटली जाते हे सर्वांना ठाऊक आहे, पण गाडीच्या अंगावरही तसेच घडते : झाडांची आणि खांबांची प्रतिबिंबे लांबीच्या दिशेने ओढली जाऊन विरतात, तर क्षितिजाची रेषा त्याच दिशेने धावत असल्यामुळे जवळजवळ तशीच शाबूत राहते. त्यामुळे पाठीमागे फारसे मोकळे मैदान नसलेल्या रस्त्यावरही, उभ्या गाडीत तुकडे पडलेली कुशीची रेषा धावत्या गाडीत पुष्कळदा अखंड मिळते.