आयपी कोअर

एकदा आखून, तपासून ठेवलेला आणि पुढे वेगवेगळ्या चिपमध्ये बसवता येणारा सर्किटचा तयार भाग म्हणजे आयपी कोअर. आयपी ही 'इंटलेक्चुअल प्रॉपर्टी'ची, म्हणजे बौद्धिक संपदेची आद्याक्षरे. पण चिप आखणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द आता कायद्याचा राहिलेला नाही. 'यूएसबीचा आयपी कुणाचा घेतला?' असे तिथे सर्रास विचारतात, आणि तो ब्लॉक कुठून आणला एवढाच त्याचा अर्थ असतो. मोबाइलच्या मुख्य चिपमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी कंट्रोलर, यूएसबी, कॅमेऱ्याची जोडणी असे कितीतरी ब्लॉक शेजारी शेजारी नांदतात. ते सगळे एकाच कंपनीने मुळापासून लिहिलेले असणे आज दुर्मीळ झाले आहे.

कोअर घेणाऱ्याच्या हाती पडतात त्या फाइली. सॉफ्ट कोअर आरटीएलच्या, म्हणजे व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत लिहिलेल्या सर्किटच्या वर्णनाच्या रूपात येतो आणि कोणत्याही फाउंड्रीच्या, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या, प्रक्रियेसाठी सिंथेसाइझ करता येतो, म्हणजे त्याचे प्रत्यक्ष सर्किटात रूपांतर करता येते. हार्ड कोअरमध्ये ट्रान्झिस्टर कुठे बसणार आणि तारा कुठून जाणार हे सगळे आधीच ठरलेले असते. चिपबाहेरच्या तारेवर वेगाने सिग्नल पाठवणारे ब्लॉक बहुधा असेच येतात, कारण त्यांचा अ‍ॅनालॉग भाग विशिष्ट प्रक्रियेसाठीच जुळवलेला असतो. फाउंड्री बदलली की तो भाग जवळपास नव्याने आखावा लागतो.

कारखाना नसतानाही हा धंदा चालतो हे जगाला पटवले ते आर्म कंपनीने. नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून ती काढली. केंब्रिजजवळच्या खेड्यातल्या एका जुन्या कोठारात मूठभर इंजिनिअर बसत. चिप आपण बनवायचीही नाही आणि विकायचीही नाही; आराखड्याचा परवाना द्यायचा आणि प्रत्येक चिपमागे थोडी रॉयल्टी घ्यायची, असा त्यांचा हिशेब होता. १९९४ मधला आर्म७टीडीएमआय हा कोअर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमधून नोकिया ६११० मध्ये गेला आणि हा हिशेब बरोबर ठरला. मात्र परवाना दिल्यापासून चिप बाजारात येईपर्यंत काही वर्षे जातात, त्यामुळे रॉयल्टीचा ओघ सुरू होईपर्यंत दम धरावा लागतो.

परवान्याचे प्रकार अनेक. तयार कोअर वापरण्याचा परवाना वेगळा आणि सूचनासंचाशी (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीशी) सुसंगत असा स्वतःचा प्रोसेसर आखण्याचा, म्हणजे आर्किटेक्चर परवाना वेगळा. दुसरा मोजक्यांनाच मिळतो. आर्टिझन कंपोनंट्सने निराळी शक्कल लढवली होती: स्टँडर्ड सेल (लॉजिकचे छोटे तयार तुकडे) आणि मेमरीच्या लायब्रऱ्या चिप आखणाऱ्यांना फुकट द्यायच्या आणि मोबदला फाउंड्रीकडून घ्यायचा. पुढे आर्मनेच ती कंपनी विकत घेतली. करारातली एकेक ओळ किती महागात पडू शकते हे प्रोसेसर आखणाऱ्या नुविया कंपनीच्या प्रकरणात दिसले. चिप विकणाऱ्या क्वालकॉमने २०२१ मध्ये ती कंपनी घेतली. आर्मने तिला दिलेल्या परवान्याखाली झालेले काम नव्या मालकाला वापरता येते का, यावरून आर्मने २०२२ मध्ये खटला भरला.

अभियांत्रिकीची खरी कसोटी लागते ती ब्लॉक अनोळखी माणसाच्या हाती जातो तेव्हा. स्वतःच्या एका चिपसाठी लिहिताना बऱ्याच गोष्टी गृहीत धरता येतात, कारण शेजारचा ब्लॉक लिहिणारा पलीकडच्या टेबलावर बसलेला असतो. विकायच्या ब्लॉकमध्ये ती गृहीतके कागदावर यावी लागतात. दोन वेगळ्या क्लॉकमधून, म्हणजे वेगवेगळ्या ठोक्यांवर चालणाऱ्या भागांमधून, माहिती नेणाऱ्या साध्या फिफोचेच, म्हणजे आधी आलेले आधी बाहेर देणाऱ्या रांगेचेच पाहा. त्यातला पॉइंटर, म्हणजे रांगेतल्या जागेचा क्रमांक, एका क्लॉककडून दुसऱ्याकडे पाठवताना ग्रे कोड वापरतात, कारण त्यात एका पावलाला एकच बिट बदलते. साध्या द्विमान पद्धतीत ७ वरून ८ वर जाताना ०१११ चे १००० होते, चारही बिटे उलटतात आणि पलीकडच्या क्लॉकला मधलीच भलती किंमत दिसू शकते. ग्रे कोडमध्ये तिथे ०१०० चे फक्त ११०० होते. मूळ लेखकाने फिफो सोळा जागांचा धरला होता. घेणाऱ्याने जागा वाचवायला तो आकडा १२ केला. आता ११ वरून परत ० वर येताना १११० चे ०००० होते, म्हणजे तीन बिटे एकदम बदलतात. सिम्युलेशनमध्ये सगळे सुरळीत दिसू शकते आणि चिप मात्र अधूनमधून चुकीची माहिती वाचते. 'खोली दोनच्या घातातच ठेवा' ही एक ओळ आणि चुकीचा आकडा नाकारणारी एक तपासणी, एवढ्याने हे टळले असते. ब्लॉकला चालू-बंद करण्यासारखे दहाच पर्याय ठेवले, तरी त्याची १,०२४ रूपे होतात. ती सगळी कोण तपासणार? म्हणून चांगल्या कोअरबरोबर टेस्टबेंच (तपासणीची तयार मांडणी), कव्हरेजचे (किती भाग तपासला याचे) अहवाल आणि कोणत्या रूपात तो सिलिकॉनवर, म्हणजे प्रत्यक्ष चिपमध्ये, चालून दाखवला आहे याची नोंद येते. पैसे मोजायचे ते मुख्यतः यासाठीच; नुसता आरटीएल त्या मानाने स्वस्त.

दोन ब्लॉकना एकमेकांशी बोलायला समान भाषा लागते. आर्मने १९९६ मध्ये आंबा हा बसचा, म्हणजे ब्लॉकमधल्या सामायिक जोडणीचा, आराखडा आणला. त्यातलाच एएक्सआय आज जवळपास सगळीकडे दिसतो. पाठवणारा 'व्हॅलिड' (माहिती तयार आहे) हा सिग्नल उंचावतो, घेणारा 'रेडी' (घ्यायला तयार आहे) हा. दोन्ही एकाच क्लॉकला उंच असले की माहिती गेली. यात एक नियम कळीचा आहे. घेणाऱ्याने 'व्हॅलिड'ची वाट पाहिलेली चालते, पण पाठवणाऱ्याने 'रेडी'ची वाट पाहून 'व्हॅलिड' उंचावायचे नाही. हा नियम मोडला तर 'आधी तू, मग मी' म्हणत दोघेही कायमचे थांबतात आणि सगळी चिप गोठते. ब्लॉकची माहिती साधनांना वाचता येईल अशा रूपात मांडण्यासाठी आयपी-एक्सॅक्ट हे मानक आहे. ते २००९ मध्ये आयईईई १६८५ म्हणून मान्य झाले.

पुनर्वापराची जोखीमही मोठी. एका कोअरमधला दोष तो घेणाऱ्या सगळ्यांच्या चिपमध्ये पोहोचतो. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधून गुप्त माहिती फुटू देणारा स्पेक्टर हा दोष उघड झाला तेव्हा आर्मला आपल्या बाधित कोअरची यादी जाहीर करावी लागली, आणि ते कोअर कितीतरी कंपन्यांच्या चिपमध्ये आधीच कोरले गेले होते. मास्क, म्हणजे चिप छापण्याचे साचे, तयार झाल्यावर आरटीएल दुरुस्त करून उपयोग नसतो, मग सॉफ्टवेअरमधून वळसा काढावा लागतो.

२०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या रिस्क-व्हीबद्दल तिथले कोअरही फुकटच असतात असा एक गैरसमज नेहमी होतो. तिथे खुला आहे तो सूचनासंच. त्यावर बेतलेला कोअर फुकट असू शकतो किंवा पैसे मोजून घ्यावा लागणारा. तपासणीचे ओझे दोन्हीकडे सारखेच. अलीकडे ब्लॉकऐवजी तयार चिपलेटच, म्हणजे वेगळे बनवलेले चिपचे छोटे तुकडेच, जोडण्याची पद्धत रुळू लागली असून त्यांच्यातल्या जोडणीसाठी यूसीआयई हे मानक २०२२ मध्ये आले. इथे हाती फाइल नसते, सिलिकॉनचा तुकडा असतो. जोडल्यावर एक जरी सदोष निघाला तरी शेजारचे चांगले तुकडेही वाया जाऊ शकतात, म्हणून प्रत्येकाची चाचणी जोडण्यापूर्वीच घ्यावी लागते.